दुर्गाच्या नावाची मूठ

बोरसे बाईंना कुणी ‘माउली’ म्हटलेलं चालत नसे. ‘मॅडम’ म्हटलं तर त्या ऐकू न आल्यासारखं करत. गावानं आपल्याला नुसतं ‘बाई’ म्हणावं आणि कामाचं बोलावं, एवढीच त्यांची अपेक्षा. गावाला नेमकं तेच जड जायचं.

मी धुळ्याची. आमचं कापडाचं दुकान, पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. घरातल्या मुलीनं नोकरी करायची हा उद्योग पहिल्यांदा मी केला, आणि तोही एरंडोलपासून आत, पद्मालयाच्या वाटेवरच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिल्या दिवशी बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “शेठजींची लेक! किती दिवस टिकशील इथं?”

मलाही राग पटकन येतो. मी म्हटलं, “तुम्ही टिकलात ना, मग मीही टिकेन.”

“मी टिकले नाही. मला कुणी हलवू शकलं नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मी त्यांची ‘शेठाणी’ झाले. वर्गाच्या दारातून हाक यायची, “ए शेठाणी, खडू संपले का मनही संपलं?”

ठेंगणी अंगकाठी, सावळा रंग, पायात पुरुषी सँडल, साडी घोट्याच्या वर खोचलेली. आवाज असा की एस.टी.चा कंडक्टर फाट्यावरूनच सांगायचा, शाळा भरली. त्या याच गावच्या सून होत्या. सासरच्या गावातच नोकरी म्हणजे सुख, असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. निम्मं गाव त्यांचे दीर, निम्मं गाव त्यांचे विद्यार्थी, आणि सगळ्यांशी भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी विहिरीवर गाठ ठरलेली.

हजेरी त्या आईच्या नावानं घ्यायच्या. “सुनंदाचा रोशन. मंगलाची पायल.” रोशनच्या बापाला ते लागलं. तो शाळेत येऊन तणतणला, “बाई, बापनं नाव घेवाले लाज वाटस का?” बाईंनी शांतपणे विचारलं, “त्याला शाळेत कोण सोडतं? डबा कोण भरतं? तू ज्या दिवशी सोडायला येशील, त्या दिवशी तुझं नाव घेईन.” तो ईर्षेनं दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला मोटारसायकलवर घेऊन हजर. बाईंनी शब्द पाळला आणि पांडुरंगाचा रोशन म्हणून सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी हाक मारली. बिचारा काही दिवस आला, मग कंटाळला. रोशन पुन्हा सुनंदाचा झाला आणि तक्रार करायला या वेळी कुणी आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की वर्ग ओस पडायचे. बाकीचे शिक्षक गैरहजेरी लावून मोकळे होत. बाई सँडल चढवून सरळ शेतात जायच्या. एकदा मलाही ओढून नेलं. शेत शाळा समितीच्या अध्यक्षांचं. बांधावर उभं राहून बाईंनी वाकलेली पोरं पाहिली आणि अध्यक्षांना विचारलं, “आबा, तुमचा कापूस आणि वेचायला माझा सगळा सहावीचा वर्ग. तुमचे नातू कुठे दिसत नाहीत?” नातू जळगावला इंग्रजी शाळेत होते, हे साऱ्या शिवाराला ठाऊक होतं. आबा टोपी सारखी करत विहिरीकडे निघून गेले. पोरं मात्र जेवणाच्या सुटीपर्यंत वर्गात आली, बोंडांनी ओरबाडलेल्या हातांनी.

दया हा शब्दही त्यांना खपत नसे. एकदा शहरातलं कुठलंसं मंडळ दप्तरं वाटायला आलं. पोरांना ओळीत उभं करून, एकेकाच्या हातात दप्तर देताना फोटो काढायचे, असा बेत. बाई म्हणाल्या, “दप्तरं द्या, उपकार आहेत. पण पोरांचा फोटो नाही. लागतच असेल तर माझा काढा.” आणि त्या प्रत्येक फोटोत स्वतः दप्तर घेत उभ्या राहिल्या. एकाही फोटोत हसल्या नाहीत. मंडळ पुन्हा आलं नाही. मी म्हटलं, बाई, थोडं गोड बोलला असतात तर पुढच्या वर्षी बूट मिळाले असते. त्यावर त्या माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

शिक्षकदिनाचं तर विचारूच नका. पाहुण्यांनी भाषणात शिक्षिका म्हणजे दुसरी आई, ममतेचा झरा वगैरे चालू केलं. बाई खुर्चीतून उठल्या. “साहेब, या पोरांना एकेक आई आहे, आणि ती चांगली आहे. मी पगारी नोकर आहे. मला ममता विचारू नका, आठवीच्या पोरांना भागाकार येतो का ते विचारा.” पाहुण्यांनी हार तसाच टेबलावर ठेवला. नंतर ओसरीत मी विचारलं, तुम्हाला आई म्हटलेलं एवढं का टोचतं? “म्हणायला हरकत नाही गं. आई म्हटलं की बाईमाणसानं गप्प बसायचं असतं, तिथं हरकत आहे.” त्यांना स्वतःचा एक मुलगा होता, सागर, पुण्यात कंपनीत. त्याच्याबद्दल त्या कधी कौतुकानं बोलल्या नाहीत, पण त्याचा फोन आला की वर्गाबाहेर जाऊन बोलत आणि परत येताना डोळे पुसत येत.

अशा या बाईंच्या आयुष्यात दुर्गा आली. आली कसली, बाईंनीच ओढवून घेतली.

दुर्गा आठवीत होती. तिची आई वारलेली. बाप सुरतेला साड्यांच्या मिलमध्ये, तिथंच दुसरा संसार थाटलेला. ही दिलीप मामाकडे राहायची. अबोल, हट्टी, गणितात तल्लख. जूनमध्ये शाळा उघडली आणि कुजबुज कानावर आली की दुर्गाचं ठरलंय. मुलगा कोण, तर गणेश. बाईंच्या यजमानांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, त्यांचा धाकटा मुलगा. म्हणजे बाईंचा पुतण्याच.

गणेशबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं. केळीची बाग, स्वतःचा ट्रॅक्टर, सुपारीचंही व्यसन नाही. पण तिशीला आला होता आणि मुलगी मिळत नव्हती. शेती करणाऱ्याला आजकाल कोण देतं? मुलींना पुण्याचा जावई हवा, मुलींच्या बापांना त्याहून हवा. नाना-नानींनी जामनेर, पहूर, पारोळा, सगळीकडे चपला झिजवल्या. शेवटी त्यांची नजर या आईविना पोरीवर गेली. मामालाही ओझं उतरल्यासारखं झालं.

बाईंनी आधी दुर्गाला विचारलं. शाळेमागच्या हातपंपावर, माझ्यासमोर, घरच्या बोलीत.

“तुले हाई लगीन करनं शे का?”

“नही.”

“मंग काय करनं शे?”

दुर्गा हंड्याकडे बघत म्हणाली, “मले नववीमा जानं शे.”

एवढं बाईंना पुरलं. त्या मामाकडे गेल्या, मग नानांकडे. नाना म्हणाले, पोरगी आमच्या घरात राणीसारखी राहील, शिकायचं तर शिकेल. बाई म्हणाल्या, “नाना, तुमच्या घरात थोरल्या सुनेचा फोन चार्ज होऊ नये म्हणून तुम्ही वीज घालवता. नववी कसली शिकवता?” मग कायद्याची वाट. तक्रार दिली, साहेब लोक गाडीतून आले, मामाकडून तोंडी हमी घेतली, नानांकडे चहा घेतला आणि गेले. आठवड्यानं कळलं, लग्न आता सुरतेला उरकायचं ठरलंय, कानबाईचा सण झाला की लगेच. तिथं कोण बघायला येणार होतं?

बाईंचा चेहरा त्या दिवसांत बघवत नव्हता. वर्गात त्या नेहमीसारख्याच ओरडत, पण मधल्या सुटीत डबा न उघडता बसून राहत. एकदा म्हणाल्या, “शेठाणी, मी तिला भागाकार शिकवला. आता तिला सांगू काय, की विसर?”

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी येते. नारळाला डोळे, नथ लावून, साडी नेसवून चौरंगावर बसवतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्यासाठी गव्हाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, आणि हे रोट फक्त त्या कुळानं खायचे. परक्याला कणभरही द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा परकी. बोरसे भावकीत रीत अशी, की आदल्या दिवशी सगळ्या घरांचे गहू एकत्र काढायचे, घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. ज्याच्या नावाची मूठ पडली त्यानं रोट खायलाच हवा, नाहीतर देवीचा कोप. मुठी टाकायचा मान सगळ्यात जुन्या सुनेचा, म्हणजे बाईंच्या सासूबाईंचा. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून नावं बाई घ्यायच्या आणि मुठी अक्का टाकायच्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई म्हणाल्या, “चल, बघायला ये. खायला मिळणार नाही.”

बाईंच्या घरच्या ओसरीवर भावकीतल्या बायका जमल्या होत्या. मी उंबऱ्याशी बसले. बाई नावं घेऊ लागल्या. नानांचं नाव, मूठ. नानींचं, मूठ. गणेशचं, मूठ. मग त्यांचं स्वतःचं घर आलं. यजमानांचं नाव, सागरचं नाव. आणि त्याच सुरात, न थांबता, “दुर्गा.”

अक्कांची मूठ सुपावर उघडली. गहू पडले, वरची पाव मूठही पडली, आणि मग त्या थबकल्या.

“कोनी दुर्गा?”

“मनी,” बाई म्हणाल्या. म्हणजे माझी.

नानींच्या हातातला पानाचा डबा खाली आला. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुणीतरी धावत जाऊन नानांना बोलावून आणलं.

नाना अंगणातच उभे राहिले. त्यांना समजायला वेळ लागला नाही. पोरीनं बोरसेंचा रोट खाल्ला, म्हणजे ती बोरसेंची लेक. गणेशची बहीण. बहिणीशी लग्न कुठल्या तोंडानं लावणार, सुरतेला नाहीतर आणखी कुठं? त्यांच्या कपाळाची शीर तटतटली.

“आक्का, ती आपली पोर नही. तिना आन् आपला काय संबंध? काढा ते गहू.”

अक्कांनी सुपावर हात ठेवला. त्या सुनेच्या बाजूच्या होत्या असं मी म्हणणार नाही. सासू-सुनेचं कधी फारसं जमलं नव्हतं. पण देवीच्या कामात त्यांना कुणी शिकवलेलं चालत नव्हतं. “सूपमा पडेल दाना परत काढतस का कधी? नाव घेवाई गयं, मूठ पडी गई. संबंध मी नही जोडा, कानबाईनी जोडा.”

“बाईनी कपट करं!” नाना ओरडले.

“हो, केलं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही चौदा वर्षांच्या पोरीला गपचूप सुरतेला नेणार होतात, मी भर ओसरीत सगळ्यांसमोर नाव घेतलं. कपट कुणाचं मोठं, ते कानबाईलाच विचारा.”

रविवारी मामा दुर्गाला पाठवणार नाही, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण मामीनं पाठवलं. डोक्यावरून न्हाऊ घालून, धुतलेला पंजाबी ड्रेस घालून, मागच्या दारानं. मामीचं स्वतःचं लग्न सातवीतून उठवून झालेलं, हे मला बाईंनी नंतर सांगितलं. दुर्गा पंगतीत बसली. तुपाचा रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. तिच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे राहिले. ती खाली मान घालून सगळं ताट संपवून उठली.

इथवर बाईंनी हिशेब बरोबर मांडला होता. पुढचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सोमवारी सकाळी कानबाई नदीवर गेली आणि बायका परत येतात न येतात, तोच दिलीप मामा बाईंच्या दारात उभा. एका हातात दुर्गाचं दप्तर, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी.

“रोट तुम्ही दिधा, बाई. आते पोर बी तुमनीच.”

तो टाकून बोलत नव्हता. त्याच्या लेखी हे सरळ होतं. दुसऱ्या कुळाचा रोट खाल्लेली पोर त्यानं कुठल्या नात्यानं घरात ठेवायची? बाईंना लग्न मोडायचं होतं. आपण गावाला जे मानायला लावलं, ते गाव खरोखरच मानेल, हे त्या शहाण्या बाईला सुचलं नव्हतं. मी त्यांना कधी निरुत्तर झालेलं पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. त्या दारात हात टेकून उभ्या होत्या. दुर्गा मामाच्या मागे, मातीकडे बघत.

मग बाई दारातून बाजूला झाल्या. पोरगी आत गेली. आतून बाईंचे यजमान, जे वर्षातून चार वाक्यं बोलत, म्हणाले, “हिची खाट कुठं टाकायची?”

लोक मला विचारतात, त्यांना पोरीची दया आली होती का? मीही एकदा विचारलं होतं. बाई भांडी विसळत होत्या, तशाच बोलल्या. “दया आली असती तर महिन्याभरात ओसरली असती आणि मी तिला परत पाठवली असती. दयेचं काय, पाहुण्यासारखी येते नि जाते. मी भरल्या घरात नाव घेतलंय. आता निस्तरायला नको? सागरच्या वेळी तयारीला नऊ महिने मिळाले होते. हिच्या वेळी एक रात्रसुद्धा नाही.”

त्या दोघींचं गोडीगुलाबीनं चाललं, असं समजू नका. दुर्गाला पहाटे उठायचा कंटाळा, बाईंना कुणी लोळलेलं खपत नसे. पहिल्याच आठवड्यात पोरीनं विचारलं, मी तुम्हाला घरात काय म्हणू? “बाईच म्हण. मला दोन नावं आठवत नाहीत.” एकदा दोघींचं भाजीत मीठ कुणी टाकलं यावरून इतकं जुंपलं की यजमान उठून शेतात गेले. पण दुर्गा तापानं फणफणली तेव्हा बाईंनी शाळेतून रजा घेतली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी सागरच्या आजारपणातही रजा घेतली नव्हती, आणि हे त्या मला सांगताना रडल्या. पुढे दुर्गा नववीसाठी एस.टी.नं एरंडोलला जाऊ लागली.

भावकीनं मात्र बाईंच्या घराशी बोलणं टाकलं. लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली. वरच्या हपिसात बाईंविरुद्ध अर्ज गेले, चौकशा लागल्या. बाई प्रत्येक चौकशीला त्याच पुरुषी सँडलमध्ये जाऊन आल्या, आणि बदली झालीच तर पोरीला घेऊन जाईन, असं साहेबांना तोंडावर सांगून आल्या. बदली झाली ती माझी, धुळ्याला, मी मागितलेली. पण जायच्या आधी पुढचा श्रावण आला.

त्या वर्षी भावकीनं आपली कानबाई नानांच्या घरी बसवली. अक्का हटून बसल्या, की देवी जुन्या सुनेच्या घरून हलणार नाही. म्हणून बाईंच्या घरी वेगळी कानबाई बसली. घरात माणसं मोजकीच. अक्का, यजमान, बाई आणि दुर्गा. सागरला सुटी मिळाली नव्हती. सोमवारी सकाळी ते चौघं नदीकडे निघाले तेव्हा मी शाळेच्या पायरीवरून उतरून त्यांच्या मागोमाग गेले.

ढोल नाही, ताशा नाही. वाजवणारी पोरं नानांची कानबाई नदीवर पोचवून केव्हाच घरी गेली होती. बाईंनी चौरंग थोडा वेळ स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मग दुर्गाच्या डोक्यावर दिला. पोरीनं मान ताठ धरली. गल्लीतली दारं एकामागून एक लागलेली. फटीतून बघणाऱ्यांची हालचाल कळत होती, पण बाहेर कुणी येत नव्हतं. बाईंनी स्वतःच कानबाईची गाणी म्हणायला सुरुवात केली. त्यांना गाता येत नसे. शाळेत प्रार्थनेला आम्ही त्यांना मागे उभं करायचो.

भावकीच्या प्रत्येक दारी कानबाई थांबते आणि त्या घरची सून देवी वाहणाऱ्याच्या पायावर पाणी घालते. बाई प्रत्येक बंद दारासमोर थांबत होत्या. थांबायच्या, गाणं संपवायच्या, पुढं निघायच्या. नानांच्या दारासमोर त्या जरा जास्तच थांबल्या. अक्का काठीवर रेलल्या होत्या. दुर्गाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तिनं चौरंग हलू दिला नाही. बाई तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागल्या.

दार उघडलं. नानी बाहेर आल्या, हातात तांब्या. मागून नानांचा आवाज आला, पण नानी वळल्या नाहीत. त्यांनी दुर्गाच्या पायांवर पाणी घातलं, वाकून देवीला हात जोडले, आणि मग बाईंकडे बघून म्हणाल्या, “तुनामुये मना गणेश तसाच बिगर लगीनना राह्यना.”

बाईंनी गाणं थांबवलं. “माहीत शे मले, नानी.”

नानी तांब्या घेऊन आत गेल्या आणि दार लागलं. बाईंनी पदर पुन्हा खोचला, दुर्गाला पुढे व्हायची खूण केली, आणि आधीपेक्षा मोठ्यानं गात पुढच्या बंद दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.